चार सॅकवाला एज रशर पहिल्या राउंडमध्ये घ्यावा का?

मल्हारगंजकर:
नमस्कार मंडळी, आमचा इंदूरचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, दरवर्षी एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे प्रो संघ कॉलेजची पोरं राउंडवार निवडतात त्याच्या, आधी आम्ही आपापली यादी लावतो. या वेळी एज रशर (कडेवरून क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर, धावून जाणारे) माझ्या वाट्याला आलेत आणि एका पोरावर गाडी अडलीय. अख्ख्या सीझनमध्ये सॅक (बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) फक्त चार, पण शनिवारी रात्री साडेनऊपासून जागून ज्या मॅचेस बघितल्या त्यात समोरचा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा कडेचा ब्लॉकर) सारखा मागे रेटला जातोय, क्वार्टरबॅक घाईघाईत बॉल फेकून मोकळा होतोय, आणि सॅक काही याच्या नावावर चढत नाही. दुसरा एक आहे त्याचे बारा. ग्रुपवाले म्हणतात चार सॅकवाल्याला पहिल्या राउंडमध्ये कोण घेतं. आकडा धरू की डोळ्यांना दिसतंय ते?

टिळकनगर:
भिया, डॅनिएल हंटर आठव. एलएसयू कॉलेजातल्या शेवटच्या सीझनला दीड सॅक, फक्त दीड (दोघांनी मिळून पाडलं की अर्धा धरतात). २०१५ ला वायकिंग्ज संघानं तिसऱ्या राउंडमध्ये ८८ वा उचलला आणि २०१८, २०१९ दोन्ही वर्षं साडेचौदा-साडेचौदा. आणि उलट बाजूला व्हर्नन गोल्स्टन, ओहायो स्टेटकडून २००७ मध्ये १४ सॅक, कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्या) २२५ पौंडाची बेंच ३७ वेळा, जेट्स संघानं २००८ ला सहाव्या नंबरवर घेतला आणि प्रोमध्ये सॅक शून्य. म्हणून त्या बाराचे बाराही प्ले एकेक करून बघ. टॅकलला स्वतः हरवून किती, समोर टाइट एंड (टॅकलपेक्षा हलका, पासही झेलणारा) होता असे किती, आणि क्वार्टरबॅकच बॉल धरून उभा राहिला म्हणून आयते मिळालेले किती.

पलासिया:
मी बरीच वर्षं खो-खो खेळलोय म्हणून मला ही गोष्ट लगेच दिसते. चांगला पाठलाग करणारा खांबाशी वळतो तेव्हा एक हात खांबावर, अंग जवळजवळ जमिनीला समांतर, आणि वेग मात्र तोच. टॅकलचा बाहेरचा खांदा म्हणजे तो खांब समजा. रशर तिथे सरळ उभा झाला की संपलं, तो क्वार्टरबॅकच्या पाठीमागून लांब निघून जातो. घोट्याकडे बघा, किती वाकतो ते. कंबाइनला थ्री-कोन (तीन शंकूंभोवती वळत पळायची चाचणी) यासाठीच महत्त्वाची. ४० यार्डांच्या टायमिंगवर नका जाऊ, रशर एवढा सरळ धावतो कधी? पहिले १० यार्ड बघा. टेरेल सग्जचं ४० यार्डचं टायमिंग सुमारच होतं, पण १३९ सॅक करून रिटायर झाला.

आखाड्यातला काका:
पोरांनो, पाय बघता ते बरोबर, पण हात बघा. आमच्याकडे कुस्ती लागायच्या आधी खडाखडी होते ना, मनगट धरायचं, झटकायचं, मानेवर हात टाकायचा, तेच चाललेलं असतं तिथे, फक्त दोन-अडीच सेकंदांत. टॅकलचे पंजे छातीवर बसले की पोरगा कितीही ताकदीचा असो, अडकला. आणि पहिला डाव फसल्यावर दुसरा निघतो का, हे मी सगळ्यात आधी बघतो. एकच डाव येणारा पैलवान गावच्या जत्रेत जिंकतो, मोठ्या मैदानात नाही. चौथ्या क्वार्टरच्या थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) वेगळ्या काढून बघ, दमल्यावर हात खाली येतात.

मल्हारगंजकर:
काका, काल रात्री दोनपर्यंत बसून तेच केलं. बारावाल्याचे पाच टाइट एंडसमोरचे निघाले, तीन नुसते आयते. माझा पोरगा बहुतेक वेळा लेफ्ट टॅकलसमोरच होता, एका प्लेत तर त्याने टॅकलचं उजवं मनगट खाली दाबलं आणि खांदा असा खाली घातला की हात जवळपास गवताला लागला, तो प्ले मी वीस वेळा तरी मागे घेऊन बघितला असेल. पण तुम्ही म्हणता ते दिसलंच, बाहेरून जागा मिळाली नाही की आत वळायचा डाव त्याच्याकडे नाही, नुसता ढकलत राहतो. म्हणून बारावाल्याच्या वर ठेवतोय, पण पहिल्या राउंडच्या शेवटाला. प्रो डेला (कॉलेजातच होणारी चाचणी) हातांची लांबी किती येते ते बघून पक्कं करतो.