कुंपणाच्या आत आपल्या माणसांनी काय धरून ठेवलं? घरचे अनुभव सांगा

सेटलमेंटकर

३१ ऑगस्टचा विमुक्त दिन जवळ आला म्हणून हा धागा काढतोय. आमचं घर सोलापूरच्या सेटलमेंटमधलं. आताच्या पोरांना सेटलमेंट म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता, पण माझ्या आजीसाठी ती काटेरी तारेच्या आतली वस्ती होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ ला नवा कायदा करून तो मुंबई इलाख्यालाही लावला, आणि कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट असे लोक जातीवरनं गुन्हेगार ठरवून इथे आणून ठेवले. गिरण्यांना स्वस्तात माणसं हवीच होती. बोटांचे ठसे, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास. मुलांना आईबापापासून वेगळं ठेवायची सोयसुद्धा कायद्यातच होती, हे मी शाळेच्या पुस्तकात कधीच वाचलं नाही.

आजी गिरणीत वायंडिंगला होती. दिवसभर दुसऱ्याचं सूत गुंडाळून रात्री घरी आली की कंदिलाच्या उजेडात दुरडी विणायला बसायची. तुरीच्या काट्या भिजवून ठेवलेल्या असायच्या, त्या चिरायच्या, बुड बांधताना पायाच्या अंगठ्याने मधला काटक्यांचा फुलीसारखा भाग दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी गोल गोल वळवत न्यायचं. तिचा तो अंगठा शेवटपर्यंत वाकडाच होता. मुकादम म्हणायचा, बाहेर विकायला जाता येत नाही तर करतीस कशाला. ती म्हणायची, "इकाय न्हाई करत." चाळीत कुणाकडे पोर झालं की आजीची दुरडी जायची, नाव ठेवायच्या दिवशी. सरकारी रजिस्टरात त्या पोराचं नाव चढायचं ते वेगळ्या कारणासाठी, पण आधी आजीच्या दुरडीत दाणे पडायचे.

मुंबई प्रांतात कायदा १९४९ ला गेला, देशभरातनं ३१ ऑगस्ट १९५२ ला. तार गेली तरी हजेरीच्या वेळेला तिला आपोआप जाग यायची म्हणे.

तुमच्या घरात कुणी असं कोंडलं गेलं असेल, जेल असो, लढाईतला कैदी असो, काहीही, तर त्या माणसाने आत काय धरून ठेवलं ते लिहा. मोठे विचार नकोत, रोजचं काय करायचे ते सांगा.

कडकभाकरी

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, गाव बार्शीकडचं. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं आणि हजारो लोक जर्मन सेनापती रोमेलच्या हातात सापडले त्यात त्यांची पलटण पण होती. तिथनं इटलीत कॅम्पात. आजोबा भरती झाले तेव्हा अंगठेबहाद्दर, सही येत नव्हती. कॅम्पात रेड क्रॉसची पार्सलं यायची, त्यातले डबे पहारेकरी आधीच भोसकून द्यायचे, म्हणजे साठवून ठेवून कुणी पळून जायला नको. भोसकलेला डबा लगेच खाऊन संपवावा लागतो. आजोबांचं काय झालं, त्यांच्या बराकीतला एक सातारकडचा हवालदार शिकलेला होता, त्याने पार्सलातल्या सिगारेटच्या पाकिटांच्या आतल्या बाजूला अ आ ई काढून द्यायला सुरुवात केली. आजोबा सिगारेट ओढायचे नाहीत, स्वतःच्या वाट्याच्या सिगारेटी दुसऱ्यांना देऊन बदल्यात रिकामी पाकिटं घ्यायचे, लोक हसायचे की या येड्याला धंदा कळत नाही. कारण कॅम्पात सिगारेट म्हणजे रोकडा, तिच्यावर काय पण मिळायचं. पहिलं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने आजीला लिहिलं, जिला वाचता येत नव्हतं!! तिने तलाठ्याकडनं वाचून घेतलं, तर त्याने पहिल्यांदा अक्षर बघून विचारलं हे कुणा पोराने लिहिलंय का.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शरणागती जाहीर केली, पहारेकरी पळाले, जर्मन यायच्या आत बरेच जण डोंगरात शिरले. आजोबांना एका शेतकऱ्याने गोठ्यात लपवलं. पकडला गेला असता तर त्या शेतकऱ्याचं घर पेटवलं असतं. आजोबांनी तिथे पहिल्या दिवशीच खुरपं मागितलं, फुकटचं खाणार नाही म्हणाले, भाषा येत नव्हती तर हाताने खुरपायची खूण केली. हे सांगताना दरवेळी खूण करून दाखवायचे.

पोस्टकार्ड

वा, सिगारेटच्या पाकिटाचं भारीय. आमच्याकडे आणीबाणी. २५ जून १९७५ च्या रात्री लागली, आणि थोड्याच दिवसात बाबांना मिसाखाली, म्हणजे त्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, उचललं. मिसा म्हणजे खटला नाही, वकील नाही आणि मुख्य म्हणजे तारीख नाही. चोराला निदान माहीत असतं सहा महिने की वर्ष. बाबा म्हणायचे बाकी सगळं सोसवतं, हे कधी संपणार ते माहीत नसणं सोसवत नाही, आत धडधाकट माणसं त्याने खचली. बाहेर आईचे हाल वेगळेच, ज्या शाळेत बाबा गणित शिकवायचे तिथनं पगार बंद, आणि एरवी चहाला येणारे लोक रस्ता बदलून जायचे.

बाबांनी आत शाळेचं टाइमटेबल चालू ठेवलं. अकराला पहिला तास, कुणी असो नसो. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून उभे राहायचे. आधी सगळ्यांनी टिंगल केली, मग एक एक जण बसायला लागला, त्यात संघाचे होते, समाजवादी होते, जमात-ए-इस्लामीचे एक वयस्कर गृहस्थ होते ज्यांनी फी म्हणून बाबांना उर्दू शिकवलं. बाहेर ही माणसं एकमेकांच्या सभेला गेली नसती. मला दर पत्रात एक गणित यायचं, उत्तर पुढच्या पत्रात. एकदा आकडे जास्त झाले तर सेन्सॉरवाल्याला वाटलं काहीतरी गुप्त भाषा आहे, पत्र अडकवून ठेवलं. बाबांनी त्यालाच बोलावून पायरी पायरीने ते गणित समजावलं. हौद आणि दोन नळांचं होतं. ते पत्र मला उशिराने मिळालं तेव्हा खाली वेगळ्या शाईत कुणीतरी उत्तर लिहिलेलं होतं, आणि चुकलेलं होतं 😄

नाव_नको

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण एक उलटं पण लिहू द्या. माझे काका पण मिसातच होते. त्यांनी काही धरून ठेवलं नाही. आईचं आजारपण ऐकलं आणि लिहून दिलं की यापुढे राजकारणात पडणार नाही, सुटून आले. नंतर सोबतच्या लोकांनी आयुष्यभर टोमणे मारले, जयंतीला स्टेजवर बाकीच्यांचे सत्कार, काका मागच्या खुर्चीत. माणूस आत कसा राहिला याची गोष्ट सांगताना जो नाही राहू शकला त्याला कमी लेखू नका एवढंच. आजी त्यांच्या मांडीवर गेली, ते त्यांना चालत होतं.

सेटलमेंटकर

@नाव_नको, बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे पण होते की. आजोबा. आजी दुरडी विणायची आणि आजोबा दारू प्यायचे, तेच कुंपण, तीच हजेरी. त्यांच्याबद्दल घरात कुणी कौतुकाने बोलत नाही, पण रात्री बुड बांधायला काट्या चिरून द्यायचे तेच.

जातं

थोडक्यात लिहितो. पणजोबा १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे, ते सगळ्यांना माहीतच आहे. आम्ही लहानपणी डोळे मोठे करून विचारायचो की विनोबा काय म्हणाले, तर पणजोबांना आठवायचं दळण. राजकीय कैदी काम करायला तयार नव्हते, सक्तीने का करायचं म्हणून, आणि ते बरोबरच होतं. मग विनोबा स्वतः जात्यावर बसले. आपल्या भाकरीचं पीठ आपण दळलं तर ती शिक्षा कशी राहील, असं काहीसं पणजोबा सांगायचे. गीता अर्धी कळली, दळण पूर्ण कळलं म्हणायचे. म्हातारपणी सुनांच्या हातातनं जातं ओढून घ्यायचे, सुना वैतागायच्या कारण फार जाडंभरडं दळायचे.

गड्डाफॅन

मी बी सेटलमेंटचाच हाय, धागा वाचून रावलं नाही. आमचे वडील आता नव्वदीला टेकलेत, तारेच्या आतच जन्म. त्यांचं इचार बिचार काय नव्हतं बगा, त्यांना फक्त गड्डा बघायचा होता. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, अख्खं सोलापूर होम मैदानाकडं चाललेलं दिसूलालंय आणि आपण आत. तारेखालनं एका ठिकाणी कुत्र्यांनी उकरलेलं होतं तिथनं हे निघाले, नंदीध्वज बघितले, शोभेचं दारूकाम बघितलं, आणि सकाळच्या हजेरीला गैरहजर. छडी बसली. पुढच्या वर्षी परत गेले. परत छडी. मग त्यांनी बाकीच्या पोरांस्नी पण न्यायला सुरू केलं, ठरलं असं की एकाने जायचं आणि बाकीच्यांना येऊन सगळं सांगायचं, छडी एकालाच. वडील सांगायला लई पटाईत, म्हणून बऱ्याचदा ह्यांचाच नंबर. न बघता बी पोरं पाठ सांगायची कुठला नंदीध्वज पुढं, दारूकामात काय काय उडलं ते.

मागच्या जानेवारीत नातवानं व्हीलचेअरवर नेलं त्यांना. पाळण्याचं तिकीट काढलं तर म्हणाले, तिकीट काढून काय मजा न्हाई बे.