ट्रक आणि मोटारीच्या टकरीत बल समान, मग हानी असमान का?

प्रश्न:
ट्रक मोटारीवर जेवढे बल लावतो, तेवढेच मोटारही ट्रकवर लावते, हा न्यूटनचा तिसरा नियम माझी मुलगी नववीत शिकते आहे. गेल्या आठवड्यात आम्ही महामार्गावर समोरासमोर धडकलेली दोन वाहने पाहिली. ट्रकचा बंपर नुसता वाकला होता. मोटारीचे बॉनेट मात्र दुमडून काचेला टेकले होते. ‘बल सारखेच, तर असे का?’ या तिच्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता आले नाही.

प्रतिसाद १:
ताई, नियम बरोबरच आहे. मात्र तेच बल कमी वस्तुमानाचा वेग अधिक बदलते. समजा, ९००० किलोचा ट्रक आणि १००० किलोची मोटार सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने आदळून एकमेकांत अडकली. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्यतेनुसार, म्हणजे टकरीपूर्वीचा व नंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो या नियमाने, दोन्ही मिळून ट्रकच्या दिशेने सेकंदाला १२ मीटर वेगाने जातील. ट्रकचा वेग ३ ने बदलला. मोटार १५ ने पुढे येत होती ती १२ ने मागे रेटली गेली, म्हणजे बदल २७ चा. हे ०.१५ सेकंदात घडले असे धरल्यास दोन्हींवर सरासरी १,८०,००० न्यूटन बल येते, पण ट्रकचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट भरते आणि मोटारीचे अठरा पट. हे गणित मुलीलाच करू द्यावे.

प्रतिसाद २:
चेपलेले बॉनेट हा दुबळेपणा नव्हे, हेही तिला अवश्य सांगा. याच वेगाने भिंतीवर आदळलेली मोटार ६० सेंटिमीटर चेपून थांबली, तर सरासरी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १९ पट असते. १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर ११५ पट. अर्थात हा लाभ आसनपट्टा (सीटबेल्ट) लावलेल्यालाच मिळतो. पट्टा नसेल, तर मोटार थांबत असतानाही माणूस त्याच १५ मीटर वेगाने सुकाणूचक्राकडे जात राहतो.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. मग ताशी ५० ने येणाऱ्या दोन सारख्या मोटारींची टक्कर म्हणजे ताशी १०० ने भिंतीवर आदळणे का?

प्रतिसाद १:
नाही. दोन्ही मोटारी मधल्या रेषेवर थांबतात, म्हणून प्रत्येकीच्या दृष्टीने ती ताशी ५० ने भिंतीवर बसलेलीच धडक असते. ताशी १०० ला गतिज ऊर्जा चौपट होते. मोटारींना सुरक्षेसाठी तारे देणाऱ्या भारत एनकॅप या कार्यक्रमाच्या समोरील धडकेच्या चाचणीतही मोटार ताशी ६४ किलोमीटरने दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. त्यामुळे तिथले तारे साधारण तेवढ्याच वजनाच्या मोटारीशी होणाऱ्या टकरीबद्दल सांगतात, ट्रकशी होणाऱ्या टकरीबद्दल नव्हे.