‘ग्रिप’ म्हणजे पकड की चिकटपणा? आइस हॉकीच्या हातमोज्यांविषयी शब्दचर्चा

धागाकर्ती (ब्रॅम्प्टन, कॅनडा)

नमस्कार. आमच्या भागातील मराठी कुटुंबांतली काही मुले आता आइस हॉकी खेळू लागली आहेत. खेळाशी नव्याने ओळख होणाऱ्या पालकांसाठी, आणि विशेषतः नातवंडांना सरावाला घेऊन जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी, हातमोजे कसे निवडावेत याविषयी दोन पानांचे टिपण मी मराठीत लिहीत आहे. दुकानात या मोज्यांचे तीन गुण सतत कानावर पडतात : कम्फर्ट, ग्रिप आणि ड्युरॅबिलिटी. पहिल्या मसुद्यात मी त्यांच्यासाठी आराम, पकड आणि टिकाऊपणा असे सरळ प्रतिशब्द योजले होते.

तो मसुदा वाचून माझ्या सासूबाईंनी नातवासाठी एक जोडी पसंत केली. ‘आरामदायी’ या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी आतून मऊ गादी असलेली आणि एक माप मोठी जोडी निवडली. तिच्यात मुलाची बोटे टोकापर्यंत पोहोचत नव्हती आणि काठी फिरवताना मोजाच हातावर फिरत होता. दोष त्यांचा नव्हता. ज्याने योग्य वस्तू हाती यावी तो शब्दच मी चुकीचा दिला होता.

ज्यांनी हा मोजा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हाताच्या पाठीकडची बाजू नायलॉनची किंवा कृत्रिम चामड्याची असते आणि तिच्या आत दाट फोम व प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, कारण सुमारे १६० ते १७० ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती किंवा दुसऱ्याची काठी बोटांवर आदळू शकते. तळव्याची बाजू मात्र पातळ, मऊ असते. एकाच वस्तूच्या दोन बाजूंकडून अशा उलट अपेक्षा असताना तीन गुणवाचक शब्दांत तिचे वर्णन कसे करावे, हा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद १ (कॅलगरीत प्रौढांच्या संघात खेळणारा)

ताई, आपण ‘ग्रिप’पासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण खरी गफलत तिथे आहे. मराठीत पकड ही हाताची असते, माणसाची असते. कुस्तीगिराची पकड असते, विषयावर पकड असते. वस्तूला आपण पकड आहे असे म्हणतो तेव्हा पक्कड किंवा चिमटा अशी, स्वतः धरणारी वस्तू आपल्या मनात असते. मोजा काहीच धरत नाही. धरतो तो हात, आणि मोज्याने मध्ये फारसे न येता ती पकड काठीपर्यंत पोहोचवायची असते. ‘ग्रिप चांगली’ याचे भाषांतर ‘पकड चांगली’ असे केले की वाचक तळव्यावर रबरी ठिपके किंवा चिकट थर शोधू लागतो.

खेळात दोन्ही हातांचे काम सारखे नसते, हेही येथे नोंदवले पाहिजे. वरचा हात काठीच्या टोकाशी, कापडी चिकटपट्टी गुंडाळलेल्या गाठीवर घट्ट बसलेला असतो आणि काठी फिरवण्याचे काम मुख्यतः तोच करतो. खालचा हात मात्र काठीवरून सतत वर-खाली सरकत असतो. फटका मारताना खाली जातो, लांब पोहोचायचे असेल तेव्हा सुटतोसुद्धा. त्या हाताचा तळवा फार चिकट असला तर खेळ अडतो. म्हणून मी आमच्या नवोदितांना सांगताना ‘जाण’ हा शब्द वापरतो : मोजा घातल्यावर हाताला काठीची जाण राहिली पाहिजे. काठीवर चकती लागली की तिचा हलका हादरा तळव्यापर्यंत यायला हवा. या जाणिवेची ओढ इतकी असते की काही खेळाडू पूर्वी तळव्याचे कापड कापून उघड्या हाताने काठी धरत; तसे करणे आता नियमबाह्य आहे, आणि तळवा कापलेला मोजा एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगच्या) नियमांतही बेकायदेशीर साहित्य ठरतो.

म्हणून ‘ग्रिप’साठी टिपणात दोन शब्द ठेवावेत अशी माझी सूचना आहे : काठीची जाण, आणि ओल्या हातातही न निसटणे. दोन्ही गुण पातळ तळव्यात बहुधा एकत्र सापडतात.

प्रतिसाद २ (चामड्याच्या वस्तूंचे कारागीर, कोल्हापूर)

मी हा खेळ पाहिलेला नाही, पण हातात घालायची आणि पायात घालायची वस्तू यांच्या तक्रारी आयुष्यभर ऐकल्या आहेत, म्हणून लिहितो.

‘आराम’ हा शब्द खुर्चीला शोभतो. आमच्याकडे गिऱ्हाईक कधीही ‘वहाण आरामदायी नाही’ असे म्हणत नाही. ते म्हणते, वहाण चावते, अंगठा काचतो, टाच बोचते, पाय आत खेळतो. या प्रत्येक क्रियापदाने दोष नेमका कुठे आहे हे कळते आणि कारागिराला तिथेच हात घालता येतो. मोज्यालाही हेच लागू व्हावे. मनगटाचा पट्टा आवळ असेल तर तो काचतो. आतली शिवण बाहेर आली असेल तर ती बोचते. मोजा सैल असेल तर हात आत खेळतो. यांपैकी काहीही होत नसेल तर मोजा ‘हातावर बसला’ असे म्हणावे. नवी वस्तू पहिल्याच दिवशी पूर्ण बसत नाही, ती वापराने रुळते. परंतु रुळण्याने कडकपणा जातो, चुकीचे माप दुरुस्त होत नाही, हे आजी-आजोबांना अवश्य सांगावे.

‘टिकाऊ’विषयी माझे मत अधिक आग्रही आहे. आपण टिकाऊ आणि दणकट हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, आणि ते योग्य नाही. जे आघात सोसते ते दणकट. जे रोजच्या वापरात पुरते ते टिकाऊ. आपल्या वर्णनावरून मोज्याची पाठ दणकट हवी आणि तळवा टिकाऊ हवा, असे दिसते. त्यातही वस्तू संपण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात आणि मराठीत प्रत्येकीला स्वतंत्र शब्द आहे. कापड विरते, म्हणजे धागे पातळ होऊन त्यातून उजेड दिसू लागतो. चामडे झिजते. शिवण उसवते. भरण चेपते, म्हणजे बाहेरून धड दिसले तरी आतला फोम बसलेला असतो आणि मार थेट हाडाला लागतो. घामाने भिजून वाळलेले चामडे ताठरते आणि मग वाकवताच तडकते. वस्तू ‘खराब झाली’ असे लिहिण्याऐवजी ही पाच क्रियापदे टिपणात आली, तर वाचणारा जुना मोजा हातात घेऊन स्वतःच तपासू शकेल.

एक विचारतो : तळवा विरला तर पूर्ण जोडी टाकून देतात काय?

धागाकर्ती

काका, आपली पाच क्रियापदे जशीच्या तशी टिपणात घेते. तळवा बदलून देणारे कारागीर येथेही आहेत. पाठ शाबूत असेल तर जुना तळवा उसवून नवा शिवला जातो. बहुतेक वेळा वरच्या हाताचा तळवा आधी विरतो, कारण काठीच्या टोकावरची कापडी पट्टी तो सतत घासत असते. याचा उल्लेख वरच्या प्रतिसादात आला आहेच. तळवे आजकाल बहुधा कृत्रिम चामड्याचे असतात. ते मऊ आणि लवकर वाळणारे असते. भिजलेला मोजा हीटरवर ठेवण्याची आमच्या घरी सवय होती आणि त्याचे परिणाम आपण ‘ताठरणे’ या शब्दात अचूक सांगितले आहेत. आता आम्ही मोजे तोंड उघडे ठेवून हवेशीर जागी टांगतो.

प्रतिसाद ३ (शस्त्रांचा अभ्यासक, पुणे)

मूळ नावाविषयी थोडे लिहितो. ‘मोजा’ हा फारसीतून आलेला शब्द आहे आणि तेथे त्याचा अर्थ पादत्राण, बूट असा आहे. म्हणजे हातमोजा हा शब्दशः हाताचा बूट होतो. जर्मन भाषेतही मोज्याला हाताचा जोडाच म्हणतात. मराठी वाचकाच्या मनात मात्र हातमोजा म्हटले की लोकरीची विणलेली वस्तू उभी राहते, आणि सासूबाईंच्या निवडीमागे कदाचित हीच प्रतिमा असावी.

संरक्षणाचा अर्थ आणायचा असेल तर आपल्याकडे जुने शब्द आहेत. रामायणाच्या बालकांडात धनुर्धारी राम-लक्ष्मणांच्या वर्णनात घोरपडीच्या कातड्याच्या अंगुलित्राणाचा उल्लेख येतो. फारसी दस्त, म्हणजे हात, यावरून आलेला दस्ताना हा योद्ध्याच्या हातावरच्या चिलखतासाठी वापरला जाई. दस्तखत आणि दस्तऐवज याच कुळातले. दांडपट्ट्याच्या मुठीवर हात झाकणारे जे लोखंडी आवरण असते त्याला खोबळा म्हणतात, आणि आइस हॉकीच्या मोज्याची मनगटापर्यंत फुगलेली पाठ पाहून मला पहिल्यांदा तोच आठवला. तरीही नाव हातमोजाच ठेवावे असे मी म्हणेन. खोबळा किंवा हस्तत्राण लिहिले तर दुकानात कोणी ओळखणार नाही. पहिल्या परिच्छेदात ‘हाताचे चिलखत’ असे एकदा स्पष्ट केले की पुरे.

मैदानात भांडण जुंपण्यासाठी इंग्रजीत ‘मोजे टाकणे’ असा जो वाक्प्रचार या खेळातून रुळला आहे, त्याचे भाषांतर कोणी ‘मोजे टाकले’ असे करू नये. आपला ‘हातघाईवर येणे’ हा शब्दप्रयोग त्याच प्रसंगासाठी घडवल्यासारखा आहे.

प्रतिसाद ४ (सध्या लेह येथे वास्तव्य)

लडाखमध्ये हा खेळ हिवाळ्यात उघड्यावर, गोठलेल्या पाण्यावर खेळला जातो, आणि भारतीय संघांतील बहुतेक खेळाडू येथूनच येतात. बंद रिंकमध्ये घाम ही मुख्य अडचण असेल; येथे जानेवारीत बोटे बधिर होणे ही अडचण आहे. म्हणून ‘कम्फर्ट’मध्ये येथे ऊब हा अर्थ आपोआप मिसळतो. आत लोकरीचा पातळ मोजा घालायचा झाला तर मापात तेवढी जागा धरावी लागते. शिवाय मुलांना बऱ्याचदा वापरलेले मोजे मिळतात, त्यामुळे कोल्हापूरच्या काकांची क्रियापदे येथे विशेष उपयोगी पडतील. वापरलेला मोजा घेताना मी आधी भरण दाबून पाहते. ते चेपून परत वर आले नाही तर तळवा नवा असला तरी तो मोजा घेत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मापाचा परिच्छेद आता असा झाला आहे :

‘मोज्याचे माप इंचांत असते, लहान मुलांसाठी ८ पासून मोठ्यांसाठी १५ पर्यंत. अंगठा सोडून चार बोटांची बुडाशी रुंदी इंचांत मोजावी आणि तिला चारने गुणावे. रुंदी ३ इंच असेल तर १२ मापापासून घालून पाहावे. बोटांची टोके मोज्याच्या टोकाशी जवळजवळ लागावीत, पण दबू नयेत. मनगट काचता कामा नये. मोज्याची कड आणि कोपराचे कवच यांच्यामध्ये उघडी जागा कमीत कमी राहावी. मूठ मिटून काठी फिरवावी. हात आत खेळत असेल तर मोजा मोठा आहे. काठी हाताला कळत नसेल तर तळवा जाड आहे.’

चार बोटांनी मोजण्याची ही रीत सांगताच सासूबाई लगेच म्हणाल्या की बारा अंगुळांची वीत आणि चोवीस अंगुळांचा हात हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यांनी स्वतः नातवाची बोटे मोजली.

मोज्याच्या दोन घडणींसाठीही नावे हवी होती. हाताच्या पाठीवर फोमच्या चार आडव्या गुंडाळ्या असलेल्या जुन्या, ऐसपैस घडणीला मी ‘चारवळकटी’ म्हटले आहे, कारण त्या खरोखर गुंडाळलेल्या अंथरुणासारख्या दिसतात. मनगटाकडे ऐसपैस आणि बोटांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या घडणीला ‘निमुळता’ हा साधा शब्द ठेवला आहे. एकच जागा अजून रिकामी आहे. अंगठा उलटा वाकून मुरगळू नये म्हणून त्याच्या मागे प्लॅस्टिकची एक कडक पट्टी असते. ‘पट्टी’ म्हटले तर मनगटाच्या पट्ट्याशी घोटाळा होतो. काय म्हणावे?

प्रतिसाद २ (कोल्हापूर)

हाड मोडल्यावर आमच्याकडे वैदू बांबूच्या कामट्या बांधत असत. काम तेच आहे आणि आकारही तोच. अंगठ्याची कामटी म्हणा.