'फँटम'ला मराठीत काय म्हणावं?

समुद्रकाठची (रत्नागिरी)
एमआरआयच्या संशोधनात नव्याने आलेल्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. नुकतीच एमएस्सी झालेली किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाची मुलं, दहावीपर्यंत मराठीतच शिकलेली. 'फँटम'पाशी (यंत्र तपासायला माणसाच्या जागी ठेवायची वस्तू) अडले. मी 'प्रतिदेह' लिहिलं होतं, सहकाऱ्याने खोडून 'आभासी देह' केलं. मला ते मुळीच पटत नाही. फँटम हातात घेतलं की वजन लागतं! आम्ही दर सोमवारी लावतो ते अ‍ॅक्रिलिकचं नळकांडं, आतून व्यास १९० मिमी, लांबी १४८ मिमी, आत निकेल क्लोराइड आणि मिठाचं पाणी. आत काय आहे, कुठे आहे, हे सगळं आधीच ठाऊक. म्हणून चित्र वाकडं आलं की दोष यंत्रात शोधायचा. माणसाला आत घेण्याआधी या वस्तूची साक्ष काढायची, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडायला हवं. ते 'ठाऊक असणं' शब्दात यावं. सुचवा.

दापोलीकर
बुजगावणं. माणसाच्या जागी उभं राहतं, आणि शब्द घरचा आहे.

समुद्रकाठची
दादा, बुजगावणं पाखरांना फसवतं. हे कुणालाच फसवत नाही, उलट फसवणूक उघडी पाडतं.

तत्सम
'प्रमाणघट' घ्या. प्रमाण म्हणजे पुरावा आणि प्रमाण म्हणजे मापही. एका शब्दात दोन्ही अर्थ बसतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भास, तो मराठीत ओढून आणण्याची गरज नाही.

जुनी पायली
प्रमाणघट कानाला जड आहे, पण वाट बरोबर. आमच्या घरी भात मोजायची पायली होती, तिच्या काठावर सरकारी शिक्का. आजोबा शेजाऱ्याची पायली आमच्या पायलीत ओतून बघायचे. भांडण मिटायचं ते त्या शिक्क्यामुळे. तुमचं नळकांडं म्हणजे शिक्क्याची पायली.

कुडाळचो टेक्निशियन
आमच्या सेंटरात सगळे बाटलीच म्हणतत. सकाळी पयली बाटली घाल, मगे माणूस. नव्या पोरांका दुसऱ्या दिवसापासून समाजता. प्रमाणघट म्हटलास तर ती देवळातला कलश शोधूक जातली.

तत्सम
रोजच्या बोलण्यातला शब्द आणि ग्रंथातला शब्द यांत फरक राहणारच. सगळं बाटलीवर आणलं तर मराठीत शास्त्र लिहायचं कशाला?

समुद्रकाठची
तत्सम सर, बाटलीला कमी लेखू नका. एमआरआयचे एक जनक लॉटरबर यांनी १९७३ साली 'नेचर'मध्ये छापलेलं पहिलं चित्र कुणा माणसाचं नव्हतं. जड पाण्याने (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) भरलेल्या नळीत साध्या पाण्याच्या दोन बारीक काचनळ्या, त्यांचं होतं. २००३ चं नोबेल ज्या कामाला मिळालं, त्याचा आरंभ हा असा आहे. मी हे मुलांना पहिल्याच तासाला सांगते.

पहिलं वर्ष
ताई, काल मी स्वतः पहिलं फँटम केलं. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम अगार उकळलं, चिमूटभर मोरचूद घातलं (बाबा सुपारीवर फवारायच्या बोर्डोत घालतात तेच), डब्यात ओतून थिजवलं. अगारने टी-२ (संदेश विरायला लागणारा वेळ) उतरतो, मोरचुदाने टी-१ (चुंबकत्व पूर्ववत व्हायला लागणारा वेळ), हे पाठ होतं. पण ओतताना घाई केली आणि बुडबुडा राहिला. बुडबुडा मोहरीएवढा, ग्रेडियंट एकोच्या (स्कॅनची एक पद्धत) चित्रातला काळा डाग मटकीएवढा! हवेमुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं, ते डोळ्यांनी बघितलं. एक विचारू? अगार म्हणजे आपलं मिठागरातलं आगरच ना?

गुहागरवाला
तेच असणार. आगर, मिठागर, नारळाचं आगर. आमच्या गावाच्या नावातही तेच नसेल का?

तत्सम
नाही. अगार हा मलायी शब्द, समुद्री शेवाळाच्या जेलीचा. आपलं आगर संस्कृत 'आकर' म्हणजे खाण, त्यावरून. दोन्ही समुद्राकाठचे एवढंच साम्य. आणि अगार 'थिजवलं' म्हणू नये. थिजतं ते तूप, खोबरेल.

आजीचं स्वयंपाकघर
मग काय म्हणायचं? अगार म्हणजे आपलं चायनाग्रास. आमच्याकडे चायनाग्रास थिजतं, खरवस धरतो, पाणी गोठतं. रक्त तर थिजतंही आणि गोठतंही.

नारळपाणी
थिजण्यावरून एक सांगतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी खुणेसाठी मी नमुन्याशेजारी खोबरेलाची छोटी बाटली चिकटवली होती. पहिल्या चित्रात ती लखलखीत पांढरी. दोन तासांनी काळी. मी कॉइल (संदेश पकडणारं वेटोळं) तपासत बसलो, केबल बदलल्या. शेवटी बाटली हातात घेतली तर तेल पांढरंफेक! खोली २१ अंशांवर, खोबरेल २४ च्या खाली थिजतंच, घरी थंडीत दरवर्षी बघतो. थिजलेल्या तेलाचा टी-२ इतका आखूड की मशीन ऐकायला लागेपर्यंत आवाज संपलेला. इथे 'घनीभवन' लिहिलं असतं तर मला काही आठवलं नसतं. अगारचं उलट, धरतं चाळीसच्या खाली आणि वितळतं ८५ च्या आसपास, म्हणून मे महिन्यातही आपल्याकडे टिकतं.

समुद्रकाठची
'थिजणं' टिपणात घेतलं, खोबरेलाची गोष्टही घेऊ का? फँटमच्या जागी सध्या पेन्सिलीने 'बाटली' लिहिलंय. शुक्रवारपर्यंत कुणाला सुचलं तर कळवा.

गुहागरवाला
आकरवरून आगर, मग 'आगरी' लोक खाणवाले झाले का? मिठाची खाण म्हणायचं तर पटतं.