मशेरी सोडलेल्या वहिनीला पाळीच्या आधीच तलफ येते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी वहिनी सातारा जिल्ह्यात गावी असते, वय सदतीस. लग्न होऊन आली तेव्हापासून मशेरी लावते. आमच्याकडे आजी, काकू सगळ्याच लावायच्या, तव्यावर तंबाखू भाजल्याचा उग्र वास घरात रोजचाच. गेल्या वर्षी तिच्या हिरडीवर पांढरा चट्टा दिसला. दातांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर तिने डबी बंद केली.

महिन्यातले बरेच दिवस ती छान राहते. पाळी यायच्या चार-पाच दिवस आधी मात्र चिडचिड, झोप उडते आणि तलफ इतकी की शेजारणीकडून चिमूटभर मागून आणते. त्यात दादाशी वाद झाला किंवा पैशांची ओढाताण असली की हमखास. पाळी आली की पुन्हा बंद. घरचे म्हणतात, हिच्यात निग्रह नाही. मला हे अजिबात पटत नाही. निग्रह नसता तर बाकीचे दिवस तिने काढले असते का?

थोडं वाचलं त्यात येल विद्यापीठातल्या रजिता सिन्हा आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास सापडला. कोकेनचं व्यसन असलेल्या ज्या स्त्रियांच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे पाळीशी संबंधित हार्मोन जास्त होतं, त्यांना ताणाचा प्रसंग आठवायला लावल्यावर तलफ आणि घालमेल तुलनेने कमी झाली. पाळीच्या आधी हे प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. वहिनीचं हेच होत असेल का? कोकेनचं तंबाखूला लागू पडतं का?

दुसरं म्हणजे, अंगावरून जास्त जातं म्हणून डॉक्टर तिला हार्मोनच्या गोळ्या देणार आहेत. त्याने तलफ वाढेल का? ती दवाखान्यात मशेरीचं नाव काढत नाही, लाजते.

प्रतिसाद १
मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशन करते. तुमची शंका रास्त आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं, ते मेंदूला शांत ठेवतं. ते उतरलं की ताण जास्त जाणवतो. शिवाय पाळीआधीची चिडचिड आणि तंबाखू सोडल्यानंतरची चिडचिड सारखीच असते, दोन्ही एकदम आल्या की बाई हैराण होते. बाळंतपणानंतरही प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं, आणि गरोदरपणात सोडलेली तंबाखू बऱ्याच जणी तेव्हाच पुन्हा धरतात. अर्थात रात्रीची जागरणंही असतातच.

तंबाखूबद्दल मात्र सरळ उत्तर नाही. सिगारेट सोडणाऱ्या स्त्रियांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून वहिनीचं स्वतःचं कॅलेंडर सगळ्यात महत्त्वाचं. पाळीच्या तारखा आणि तलफेचे दिवस शेजारी-शेजारी लिहायला सांगा. ते दिवस आधी कळले की शेजारणीला आधीच सांगून ठेवता येतं, पैशांच्या गोष्टी आठवडाभर पुढे ढकलता येतात. दादाला यात घ्याच.

गोळ्यांचं विचारलंत ते बरं झालं. त्यांत इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं दुसरं हार्मोन असेल, तर त्यामुळे यकृत निकोटिन (तंबाखूतलं व्यसन लावणारं द्रव्य) लवकर मोडतं, म्हणून निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी चालू असेल तर मात्रा पुरते का ते पाहावं लागतं. मशेरीतही निकोटिनच असतं, म्हणून डॉक्टरांना ते कळायलाच हवं. ती बोलत नसेल तर तुम्ही सोबत जा. चट्टाही पुन्हा दाखवा, तो तसाच ठेवायचा नाही.

तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६.

धागाकर्ती
खूप आभार ताई. कॅलेंडरचं आजच सांगते. एक विचारायचं राहिलं: मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही म्हणते, आणि त्याच भीतीने ती पुन्हा डबी उघडते. यावर कोणाकडे काही उपाय आहे का?