टिनटिन पडद्यावर: आधी पुस्तक की आधी सिनेमा? तुमचे अनुभव सांगा

येत्या शनिवारी माझा नऊ वर्षांचा भाचा राहायला येतोय, आणि त्याला 'द ॲडव्हेंचर्स ऑफ टिनटिन' दाखवायचा घाट मी घातलाय. २०११ चा, स्टीव्हन स्पिलबर्गचा. भाच्याने टिनटिन या तरुण बातमीदाराच्या चित्रकथांचं एकही पुस्तक उघडलेलं नाही. हा सिनेमा ज्या तीन पुस्तकांवर बेतलाय ती तिन्ही माझ्या कपाटात आहेत: 'द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज', 'द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' आणि 'रेड रॅकम्स ट्रेझर'. इतक्या वेळा वाचलीत की पानं सुटायला आलीत.

माझा अनुभव आधी सांगते. सिनेमाच्या सुरुवातीला बाजारात एक चित्रकार टिनटिनचं चित्र काढत बसलेला असतो. त्या चित्रकाराचा चेहरा खुद्द एर्जेचा, म्हणजे टिनटिनच्या जन्मदात्याचा. तो कागद वळवून दाखवतो आणि त्यावर आपला जुना टिनटिन असतो, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, कपाळावर शेंडी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण पुढचा अर्धा तास मला त्या नव्या चेहऱ्याशी जमवून घेता येईना. एर्जेने टिनटिनला दोन ठिपके दिले, बाकीचा चेहरा कोरा ठेवला, आणि लहानपणी मी त्या कोऱ्या जागेत जाऊन बसले होते. पडद्यावरच्या टिनटिनला पापण्या आहेत, गालावर लव आहे, बुबुळांत उजेड चमकतो. तिथे मला बसायला जागाच उरली नव्हती.

म्हणून विचारतेय. तुमच्याकडे काय झालं? मुलांना आधी काय दिलंत? समीक्षा नको, समीक्षा खूप वाचल्यात. घरात, थिएटरात, मुलांच्या शेजारी बसून जे घडलं ते लिहा.

* * *

आधी सिनेमा. बिनधास्त दाखवा. मी स्वतः सिनेमा बघूनच पुस्तकांकडे वळलो, तेव्हा तिशी उलटली होती. माझं काहीही बिघडलं नाही.

* * *

मी भूगोल शिकवते, त्यामुळे माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला मनापासून मांडायची आहे.

पुस्तकात हॅडॉकच्या पूर्वजाच्या 'युनिकॉर्न' जहाजाच्या तीन छोट्या प्रतिकृती असतात आणि त्यांच्या तीन डोलकाठ्यांत तीन चर्मपत्रं सापडतात. ती एकावर एक ठेवून उजेडासमोर धरली की अर्धवट रेघा जुळून आकडे तयार होतात: खजिन्याच्या बेटाचे अक्षांश आणि रेखांश. टिनटिन आणि त्याचा खलाशी मित्र कॅप्टन हॅडॉक जहाज घेऊन त्या ठिकाणी पोचतात, तर तिथे नुसतं पाणी! बेटाचा पत्ता नाही. मग टिनटिनच्या डोक्यात येतं की आपण रेखांश ग्रिनिचपासून मोजला, पण त्या काळच्या फ्रेंच नकाशांवर शून्य रेखावृत्त पॅरिसमधून जायचं. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला साधारण २ अंश २० मिनिटं. म्हणजे जहाज हवं त्यापेक्षा पश्चिमेला येऊन पडलंय. ते मागे फिरतात आणि बेट सापडतं.

हे एक पान घेऊन मी वर्गात जाते. शून्य रेखावृत्त निसर्गाने आखलेलं नाही, माणसांनी बसून ठरवलंय आणि १८८४ च्या परिषदेआधी ज्याचं त्याचं वेगळं होतं, हे एरवी तास-दीड तास बोलूनही मुलांच्या गळी उतरत नाही. या पानाने दहा मिनिटांत उतरतं. सिनेमात हा सगळा भाग गेला. तिथे आकडे थेट मार्लिनस्पाइक हॉलकडे नेतात, म्हणजे हॅडॉकच्या पूर्वजांच्या वाड्याकडे. गोष्ट आटोपशीर झाली हे मला कळतं. पण टिनटिनची चूक आणि ती त्याने स्वतः शोधून काढणं, हे त्यातून निघून गेलं. मुलांना नायकाची चूक दिसायला हवी होती असं मला फार वाटतं.

बाकी सिनेमात वाड्यातल्या पृथ्वीच्या गोलावर हॅडॉक नसलेलं बेट बरोब्बर ओळखतो, तो प्रसंग झकास आहे. खलाशाला समुद्र पाठ असतो, हे त्या एका बोटाने दाबण्यात येतं.

* * *

मला जे लिहायचंय ते थोडं जड आहे, पण तुम्ही घरातलं लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

माझे वडील प्यायचे. २०११ मध्ये मी तेरा वर्षांची होते आणि आम्ही चौघं हा सिनेमा बघायला गेलो होतो. विमानातलं इंधन संपतं, हॅडॉकने तिथलं औषधाचं स्पिरिट रिचवलेलं असतं, आणि त्याला इंधनाच्या टाकीत ढेकर द्यायला लावून विमान चालू करतात. सगळं थिएटर हसत सुटलं. माझा धाकटा भाऊही. मी मात्र मान न वळवता, नुसते डोळे फिरवून वडिलांकडे बघितलं. ते हसत नव्हते. पॉपकॉर्नचा पुडा त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता. घरी जाताना कोणी त्या प्रसंगाचा विषय काढला नाही.

पुढे कॉलेजात मी 'क्रॅब' वाचलं. १९४१ चं पुस्तक. त्यातला हॅडॉक पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो गमतीदार नाहीच. त्याचाच हाताखालचा माणूस त्याला दारू पुरवून मुठीत ठेवतोय. टिनटिन त्याला आईची आठवण करून देतो तर तो हमसून रडायला लागतो. त्या चौकटीवर मी थांबले. हे रडणं मी घरी बघितलेलं होतं. आणि शेवटी तोच हॅडॉक रेडिओवर 'दारू, खलाशाचा शत्रू' या विषयावर बोलायला उभा राहतो. तिथे एर्जेने विनोद केलाय, पण त्याच्याआधी त्या माणसाचं दुःख पूर्ण दाखवलंय. सिनेमात त्या दुःखाला वेळ फार कमी मिळाला.

सिनेमा दाखवू नका असं मी मुळीच म्हणत नाही. हरल्यासारखा बसलेला टिनटिन आणि त्याला उठवणारा हॅडॉक, हा त्यातला प्रसंग मला आजही धीर देतो. अपयशाबद्दल तो जे बोलतो ते ज्याने खूप काही घालवलंय असाच माणूस बोलू शकतो. फक्त ढेकरेच्या प्रसंगाला शेजारचं मूल हसत नसेल तर तुमच्या लक्षात येऊ दे, एवढंच.

वडिलांनी दारू सोडून आता सात वर्षं झाली.

* * *

वरचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

मी एक छोटी गोष्ट सांगतो. आमच्या मुलीला तो मोटरसायकलचा पाठलाग आवडतो. बहिरी ससाणा चर्मपत्रं घेऊन उडालेला, धरण फुटून पाणी गल्ल्यांतून धावतंय, आणि कॅमेरा कुठेही कट न घेता त्यांच्या मागे उतारावरून खाली खाली. तिने तेवढाच भाग सलग बारा वेळा बघितला. बाराव्यांदा म्हणाली, "बाबा, आता मला गाव पाठ झालं." आणि खरंच तिने कागदावर गावाचा नकाशा काढला, धरण वर, बंदर खाली.

* * *

मी ॲनिमेशनमध्ये काम करते, म्हणून चेहऱ्यांबद्दल थोडं. यात अँडी सर्किस (हॅडॉक) आणि जेमी बेल (टिनटिन) यांनी अंगावर खुणा लावलेले सूट आणि डोक्यावर चेहरा टिपणारा कॅमेरा घालून अभिनय केलाय. ती हालचाल न्यूझीलंडच्या वेटा डिजिटलने पात्रांवर चढवली. म्हणूनच आमच्यात 'याला ॲनिमेशन म्हणायचं का?' असे वाद झाले. सिनेमाला ॲनिमेशनचा गोल्डन ग्लोब मिळाला, पण ऑस्करच्या ॲनिमेशन विभागात नामांकनही नाही. ऑस्करला नामांकन मिळालं ते जॉन विल्यम्सच्या संगीताला.

मला विचाराल तर वाद मिटवायला स्नोई पुरेसा आहे. त्या कुत्र्याच्या मागे कोणी नट नाही, तो ॲनिमेटरांनी घडवलाय. आणि सगळ्या सिनेमात सर्वांत जिवंत तोच वाटतो. धागाकर्तीला टिनटिनमध्ये बसायला जागा मिळाली नाही, त्यांनी पुढच्या वेळी स्नोईच्या पाठीवर बसून बघावं!

आणि एक जागा आवर्जून थांबवून बघा. वाळवंटात हॅडॉकला भास होतो, वाळूच्या टेकड्यांच्या लाटा होतात आणि त्या फोडून युनिकॉर्न जहाज वर येतं. पुस्तकात हीच गोष्ट हॅडॉक खोलीत तलवार परजत, स्वतः पूर्वज होऊन सांगतो आणि शेवटी पूर्वजाच्या तसबिरीतून त्याचं डोकं बाहेर येतं. ते कागदावर अप्रतिम आहे. पडद्यावर तसंच्या तसं केलं असतं तर नाटक वाटलं असतं. इथे त्यांनी नक्कल केली नाही, सिनेमाला जे जमतं ते केलं. रूपांतर म्हणजे मला तरी हेच.

* * *

(मुलीने सांगितलं, मी टाइप करतेय. वय ११.)

मला सिनेमा आवडला पण मी मोजलं. यात महत्त्वाच्या बोलणाऱ्या बायका म्हणजे घरमालकीण आणि ती गाणारी. गाणारीच्या आवाजाने बंदुकीच्या गोळीनेही न फुटणारी काच फुटते, म्हणजे तिच्यात एवढी ताकद आहे, तर तिला पुढे सोबत का नाही नेलं? मी असते तर नेलं असतं.

* * *

आई म्हणून लिहिते. माझ्या मुलाला वाचायला त्रास होतो. अक्षरं जागा बदलतात असं तो सांगायचा. पुस्तक म्हटलं की पोटात दुखायचं, आणि ते खोटं नव्हतं, खरंच दुखायचं. तो दहा वर्षांचा असताना आम्ही हा सिनेमा बघितला. मग मी 'युनिकॉर्न' आणून ठेवलं. वाच म्हटलं नाही. नुसतं दिसेल असं ठेवलं.

चौथ्या दिवशी तो जमिनीवर पालथा पडून पानं उलटत होता. गोष्ट माहीत होती, म्हणून भीती गेली होती. चित्रावरून कळायचं कोण काय म्हणतंय, मग फुग्यातले शब्द तो ताडून बघायचा, बरोबर निघाले की पुढे. अचानक ओरडला, "आई, यात साखरीन चांगला माणूस आहे!" सिनेमात साखरीन खलनायक आहे, पुस्तकात तो साधा संग्राहक आणि गुन्हेगार दुसरेच, बर्ड बंधू. हा फरक माझ्या मुलाने स्वतः वाचून काढला. लोक सिनेमाला नावं ठेवतात की गोष्ट बदलली. बदलली म्हणूनच माझ्या मुलाला त्या पुस्तकात शोधायला काहीतरी उरलं.

म्हणून ताई, माझं ऐकाल तर भाच्याच्या हातात पुस्तक देऊ नका. ठेवून द्या.

* * *

+१. ठेवून द्या.

* * *

मी आजी आहे, टिनटिन वगैरे मला काही ठाऊक नव्हतं. नातवंडांनी बसवलं म्हणून बसले. ते पडापडी, मारामारी फार झाली, क्रेन एकमेकांवर आपटतात तिथे तर मी डोळे मिटून घेतले. पण तो म्हातारा पाकीटमार, सिल्क, त्याने मला धरून ठेवलं. त्याच्या घरात भिंतभर पाकिटं, अक्षरांच्या क्रमाने लावलेली. त्यातल्या पैशांचं त्याला काही नाही, पाकिटं जमवण्याचंच वेड. आणि ते दोघे सारखे दिसणारे पोलिस त्याच्याच घरात उभे राहून त्याला सज्जन समजतात. मला त्या म्हाताऱ्याची दया आली. एकट्या माणसाने दुसऱ्यांच्या खिशातल्या वस्तू इतक्या नीट जपाव्यात! धाकट्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तो चोर आहे." मी म्हटलं, हो, चोर तर आहेच.

* * *

मला नाही आवडला. खरं सांगतो. पुस्तकात एका चौकटीवर मी हवा तेवढा वेळ थांबतो, दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत काय झालं ते मी ठरवतो. सिनेमा मला दम घेऊ देत नाही. एवढं करून पहिल्या भागाचा शेवट पुढच्या भागाकडे बोट दाखवतो आणि इतक्या वर्षांत पुढचा भाग आलेला नाही. पुस्तकांतला शास्त्रज्ञ प्रोफेसर कॅल्क्युलस यात नव्हताच, तो पुढे येईल म्हणून वाट बघत बसलो होतो.

* * *

धागाकर्ती पुन्हा. सगळ्यांचे खूप आभार, एकेक प्रतिसाद दोनदा वाचलाय. शनिवारी काय झालं ते सांगते.

सिनेमाच लावला. पुस्तकं कपाटातून काढून तिसऱ्या फळीवर, त्याच्या उंचीला ठेवली, काही बोलले नाही. ढेकरेच्या प्रसंगाला मी पडदा सोडून त्याच्याकडे बघत होते. तो हसला, मग विचारलं, "मावशी, त्याला बरं नाहीये का?" मी हो म्हटलं. थोडं बोललो त्यावर.

तिन्ही चर्मपत्रं उन्हासमोर धरतात तिथे त्याने सिनेमा थांबवायला लावला. "आठचा आकडा तीन कागदांत कसा वाटायचा?" मला सांगता येईना. ट्रेसिंग पेपर होता घरात, तो कापून दिला. सिनेमाचा शेवट त्या रात्री राहूनच गेला, तो आम्ही रविवारी बघितला.

तो गेल्यावर संध्याकाळी उशीखाली तीन कागद सापडले. प्रत्येकावर नुसत्या तुटक रेघा. जुळवायला मला वेळ लागला, एक कागद उलटा धरला जात होता. दिव्यासमोर नीट धरल्यावर दिसलं: ३-२. तिसरी फळी, डावीकडून दुसरं पुस्तक. 'रेड रॅकम्स ट्रेझर'. बेट सापडत नाही त्या पानावर त्याने बसचं तिकीट घालून ठेवलं होतं, आणि मागे पेन्सिलने लिहिलं होतं, "पुढचं मी आल्यावर. तू वाचू नको."