अनुभव धागा: छोट्या टीममध्ये बोलणं-वागणं कसं घडलं?

दहा-पंधरा माणसांच्या धंद्याला ट्रेनर बोलावणं परवडत नाही. शिवाय 'सॉफ्ट स्किल्स'चं एक दिवसाचं शिबिर आठवडाभरात विसरलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्याकडे ऐकणं, सांगणं, तक्रार हाताळणं रोजच्या कामातून कसं रुजलं ते लिहा. सुरुवात मी करते.

पोळी-भाजी केंद्र, पुणे
फोनवर ऑर्डर घेणारी ताई शेवटी सगळी ऑर्डर गिऱ्हाइकाला वाचून दाखवते. तारखेसोबत वारही विचारते: "एकवीस, म्हणजे शनिवार ना?" वार जुळला नाही की घोळ तिथेच सापडतो. आधी फोन उचलायला घाबरणाऱ्या बायकाही आता बिनधास्त बोलतात, कारण काय विचारायचं ते ठरलेलं असतं.

मशीन शॉप, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
आमच्यात पहिल्या पाळीचा ऑपरेटर इन्सर्ट (कापणारी, बदलता येणारी पात) झिजला म्हणून बोअरला (आतल्या गोल भोकाला) वीस मायक्रॉन ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनला तेवढं जास्त कापायला लावून, घरी जायचा. दुसऱ्या पाळीचा येऊन इन्सर्ट बदलायचा, ऑफसेट तसाच. धार नवी, म्हणून बोअर मोठा, कास्टिंग (ओतीव भाग) भंगारात, आणि मग दोघांची जुंपायची.

सुपरवायझरनी पाळी बदलताना दोघांना मशीनसमोरच उभं करायला सुरुवात केली. जाणाऱ्याने सांगायचं: ऑफसेट किती दिलाय, इन्सर्ट कधी बदलला. येणाऱ्याने शेवटचा जॉब (तयार झालेला भाग) बोअर गेजने स्वतः मोजून आकडा मोठ्याने बोलायचा. रजिस्टर आधीही होतंच, पण त्यात 'ओके' लिहून माणूस मोकळा होतो. समोरासमोर खोटं 'ओके' म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरं म्हणजे, चूक स्वतःहून सांगणाऱ्यावर आवाज चढवायचा नाही, हे बंधन साहेबांनी स्वतःवर घालून घेतलं. डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना ते पाळणं किती अवघड असतं हे मी जवळून पाहिलंय. ओडिशाचा एक पोरगा नुसतं "हां जी" म्हणायचा. आता तोच "साब, आवाज अलग आ रही है" म्हणत मशीन थांबवतो. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

औषधाचं दुकान, सातारा
काउंटरवरच्या मुलाला गिऱ्हाइकासमोर झापायचं नाही. आमच्या मालकांचा एवढाच नियम. मुलं टिकली.

सीए फर्म, ठाणे
थोडं वेगळं लिहिते. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते, तीत एक सदस्य बाहेरचा असतो. कर्मचाऱ्यांचं प्रबोधनही मालकाच्याच जबाबदारीत येतं. आमच्याकडे हे कागदावर उरकलं नाही. बाहेरच्या सदस्य बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवून चहाच्या वेळची थट्टा, रात्री उशिरा येणारे व्हॉट्सअॅप मेसेज, कपड्यांवरच्या कॉमेंट असे प्रसंग बोलायला लावले. आर्टिकलशिपच्या (सीए होण्यासाठी फर्ममध्ये प्रशिक्षण घेणाऱ्या) मुली पहिल्यांदा सीनियरसमोर "हे मला आवडत नाही" म्हणाल्या, आणि सीनियरनी मधे न बोलता ऐकून घेतलं. ऑडिट सीझनमध्ये आम्ही रात्री दहा-दहापर्यंत एकत्र बसतो. तेव्हा याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. दहापेक्षा कमी माणसं असली तरी हे करा. तिथल्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हेही टीमला सांगून ठेवा.